दोन्ही हातांवर

डॉक्टर कागदावर दोन गोल काढतात.
एकातला पाकळीएवढा तुकडा खोडतात,
दुसरा सबंधच.
"हे केलं तर वर पंचवीस दिवस शेक घ्यायला यायचं,
हे केलं तर बहुतेक नाही.
आयुष्य दोन्हीकडं सारखंच.
निवड तुमची, वत्सलाबाई."

निवड.
लग्नाची साडी मी निवडलो नाही,
नवरा तर नाहीच.
तांदूळ तेवढे निवडलो, चाळीस वर्षं.

संमतीचा कागद कन्नडात.
मला बोलायला येतं, बाजारापुरतं, भांडणापुरतं,
वाचायला येत नाही.
नर्स नीलव्वा बोट ठेवून वाचत गेली, समजावत गेली,
आणि एका जागी म्हणाली, मोले.
इतकं सरळ!
आमच्या घरी मराठीत त्याला नावच नव्हतं.
छाती म्हणायचे, नाहीतर नुसतं "तिथं".
म्हशीला होतं नाव,
आम्हाला नव्हतं.

प्रणाली पुण्याहून फोनवर:
सगळं काढून टाक आई, डोक्याला ताप नको.
आणि तिथं 'येतो' म्हणू नकोस, 'येते' म्हण.
नंदगडात बायाही येतो-जातोच म्हणतात, पोरी.
त्यात काही काढून घेतल्यासारखं
वाटलं नव्हतं कधी.

भावोजी म्हणाले,
कडा साफ मिळाली पाहिजे म्हणतात डॉक्टर,
म्हणजे आपल्या गावासारखंच की, रेघ कुठं मारायची!
आणि स्वतःच हसले.
मी चहा ओतत होतो. हसलो नाही.
रात्री दीडला हसू आलं, उशीत तोंड घालून.

निपाणीच्या नणंदेनं मागच्या खोलीत नेलं.
तंबाखूचा वास. तिनं कडी लावली, हुक सोडले.
सपाट. तिरकी एक शिवण, पोत्याला घालतात तशी.
"हात लाव."
लावलो. ऊबदार होतं.
"त्याचं काय नाही गं. हे बघ,"
म्हणून तिनं डावा हात वर केला,
तो अर्ध्यात राहिला.
सुजून उशीसारखा,
बांगडी मनगटाच्या वर चढेना.

आता सांगतो.
मी मांडे करतो.
बेळगावपासून खानापूरपर्यंत लग्न असलं की मला बोलावणं.
उंडा दोन्ही मुठींवर फिरवत
कोपरापर्यंत उतरवायचा,
पलीकडचं माणूस दिसायला लागलं
की पालथ्या खापरावर टाकायचा,
पोळत असतानाच घडी.
लोक मनातले खातात,
मी हातावरचे करतो.

पुन्हा गेलो तेव्हा गोलांकडं बघितलोच नाही.
विचारलो, काखेचं काय?
हात वर जाईल काय नाही?
जाळाजवळ चालेल?
डॉक्टरांचं पेन थांबलं.
"ते गाठींवर आहे. आधी एक-दोनच काढून बघू,
साफ निघाल्या तर बाकीच्यांना हात लावत नाही.
गोल कुठलाही घ्या,
काखेचा हिशेब वेगळा."

म्हणजे पंधरा दिवस मी जे निवडत होतो
त्यात माझा प्रश्न नव्हताच.
माझा प्रश्न निवडायला ठेवलाच नव्हता कुणी.

मग लहान तुकडा, म्हटलो.
का? नीलव्वानं विचारलं.
ऑपरेशन ज्येष्ठात, शेक आषाढात.
आषाढात लग्नं नसतात.
पंचवीस दिवस मी रिकामाच.
हे कारण आहे काय, असं तिचं तोंड झालं.
हेच आहे.
दुसरं असलं तर मला अजून सापडलेलं नाही.

सही मराठीत केलो, कन्नड ओळीच्या खाली,
थोडी बाहेर गेली.

घरी येऊन पाव किलो मैदा भिजवलो.
चूल पेटवलो. एकच मांडा.
इतका पातळ उतरला
की त्यातून जाळ दिसला,
आणि माझा डावा हात,
पिठानं पांढरा, कोपरापर्यंत,
वर.

मल्हारी दारात.
आज काय आहे?
काही नाही, म्हटलो.
गरम आहे तोवर खा.